‘पूर्ण रिस्टोअर’ केलेला अ‍ॅम्प नुसता ठेवला तरी का तापतो?

अंबाजोगाईच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी जाहिरात पाहून क्वाड या ब्रिटिश कंपनीचा एक जुना ४०५ स्टिरिओ पॉवर अ‍ॅम्प घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, ‘पूर्ण रिस्टोअर केलाय. सगळे कंडेन्सर नवे, ऑपअ‍ॅम्प अपग्रेड, बायस नव्याने सेट.’ (ऑपअ‍ॅम्प म्हणजे आतली छोटी अ‍ॅम्प्लिफायर चिप. बायस काय ते पुढे येईल.) घरी लॅपटॉप आणि डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) जोडून लावला तर तीन तक्रारी निघाल्या. काही वाजत नसतानाही तासाभरात डावी बाजू चांगलीच तापते. स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ येतं आणि रात्री ते वाढतं. आणि आवाज जरा वर नेला की कर्कश होतो. त्यांनी विचारलंय, सप्लायचे १०,००० मायक्रोफॅरडचे कंडेन्सर काढून २२,०००चे टाकू का, आणि कोणत्या कंपनीचे?

टाकू नका, निदान आत्ता तरी. त्याने यातली एकही तक्रार जाईल असं मला वाटत नाही, उलट चौथी यायची. त्याचं कारण पुढे सांगतो.

तुमची खरी अडचण अशी की आधीच्या माणसाने आत काय काय केलं याचा तुमच्याकडे कागदाचा तुकडाही नाही, आणि त्यावर तुम्ही आणखी एक थर चढवायला निघालात. ‘रिस्टोअर’ हा शब्द आता ‘गावरान तूप’सारखा झालाय, डब्यावर लिहायला पैसे लागत नाहीत. कुणी ब्रश मारून, डबा पुसून रिस्टोअर म्हणतो. कुणी ठणठणीत असलेला भागही उपटून ‘ऑडिओ ग्रेड’ टाकतो. मी गिऱ्हाइकाला अ‍ॅम्प परत देताना सोबत एक चिठ्ठी देतो. काय बदललं, का बदललं आणि बदलल्यावर मीटरवर काय आलं, एवढंच त्यात असतं. तुमच्या विक्रेत्याला अशी चिठ्ठी मागून बघा. द्यायला कचरला तर त्यातच उत्तर आलं.

मी परभणीत तीस-बत्तीस वर्षं हे काम करतोय. सुरुवात रेडिओ आणि गणपती मंडळांच्या अहुजा अ‍ॅम्पपासून झाली. घरगुती हाय-फाय नंतर आलं, बहुतेक आखातातून परतलेल्यांच्या सामानातून. क्वाड ४०५ माझ्या बाकावर पाच-सहाच आले असतील. तेव्हा तुमचा अ‍ॅम्प न बघता लिहितोय हे लक्षात ठेवा. काही गोष्टी मी ठामपणे सांगेन, काही तुमच्या घरच्या लाइटवर आणि वायरिंगवर अवलंबून आहेत.

ठाम गोष्ट आधी. ४०५मध्ये बायस सेट करायला जागाच नाही. आत प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टन्स, नाहीच. ज्याने ‘बायस सेट केला’ असं सांगितलं, त्याने एक तर अ‍ॅम्प उघडला नाही, किंवा उघडला आणि त्याला तो कळला नाही, किंवा सगळ्याच अ‍ॅम्पच्या जाहिरातीत तो तेच वाक्य चिकटवतो. यातलं काहीही असलं तरी त्याची बाकीची दोन वाक्यंही जपूनच घ्यायला हवीत.

बायस का नाही, हे थोडं उलगडून सांगतो, कारण तुमच्या गरम होण्याचा धागा तिथेच सापडतो. साध्या एबी क्लासच्या अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे आपल्याकडे २एन३०५५ घालून जे हजारोंनी बनले त्यांत, आउटपुट ट्रान्झिस्टरमधून नुसत्या बसल्या जागीही थोडा करंट वाहता ठेवावा लागतो. तो कमी झाला तर वरची लाट आणि खालची लाट जिथे जुळते तिथे सांधा फाटतो आणि हळू आवाजात चरचर येते. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापत जातो आणि एक दिवस बसतो. म्हणून तिथे प्रीसेट असतो. क्वाडच्या पीटर वॉकर यांनी १९७५ मध्ये ४०५ आणला तो हा प्रीसेट काढून टाकण्यासाठीच. त्या पद्धतीला करंट डम्पिंग म्हणतात.

मोंढ्यात माल मोजताना बघितला असेल. हमाल धाडधाड पोती काट्यावर टाकतो. त्याला किलो-दोन किलोचं सोयरसुतक नसतं. काट्याजवळचा मापाडी मग ओंजळभर माल इकडचा तिकडे करून काटा बरोबर आणतो. ४०५मध्ये मोठे ट्रान्झिस्टर हमाल आहेत. त्यांना बायस नाही, आवाज शांत असला की ते बसून असतात. अचूकपणा सांभाळतो तो छोटा क्लास-ए अ‍ॅम्प, तो मापाडी. मापाड्याला आपली चूक किती हे कळावं म्हणून चार भागांचा एक ब्रिज बसवलाय: ५०० ओहम, ४७ ओहम, १२० पिकोफॅरडचा कंडेन्सर आणि सुमारे ३ मायक्रोहेन्रीची कॉइल. पहिल्या तिघांचा गुणाकार करून बघा, २.८२ मायक्रोहेन्री येतो. कॉइल जवळजवळ तेवढीच ठेवलीय, त्यावर ब्रिजचा तोल उभा आहे. म्हणून ‘सगळे कंडेन्सर नवे’ हे वाक्य वाचून मला आनंद झाला नाही. त्या १२० पिकोफॅरडच्या जागी कुणी ‘जवळचाच’ म्हणून १०० किंवा १५० टाकला असेल तर ब्रिजचा तोल गेला. तो कंडेन्सर इलेक्ट्रोलायटिक नाही, वयाने सहसा खराबही होत नाही. त्याला हात लावायचं कारणच नव्हतं.

आता तापण्याकडे. हमाल बसून असताना अ‍ॅम्प गरम होऊ नये. क्लास-ए भागामुळे हीटसिंक कोमट राहील तेवढंच. ४०५ची समोरची बाजू म्हणजेच हीटसिंक, दोन्ही चॅनल एकाच धातूला लावलेले. उष्णता त्यात पसरते, आणि तरीही तुम्हाला हाताला डावी-उजवीतला फरक कळतोय. म्हणजे डाव्या चॅनलमध्ये बसल्या जागी बरीच पॉवर जळतेय. यात माझा पहिला संशय ‘ऑपअ‍ॅम्प अपग्रेड’वर आहे.

कारखान्यातून सुरुवातीच्या ४०५मध्ये एलएम३०१ए हा ऑपअ‍ॅम्प यायचा, पुढे टीएल०७१ आला. दोन्ही आजच्या मानाने संथ. त्या जागी कुणी फार वेगवान नवा ऑपअ‍ॅम्प ठोकला की अ‍ॅम्प ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर स्वतःच ओरडत बसतो. तुम्हाला शांतता वाटते आणि आत ट्रान्झिस्टर राबत असतात. काही वर्षांपूर्वी नांदेडहून माझ्याकडे असाच एक अ‍ॅम्प आला होता, वेगळ्या कंपनीचा. मालक म्हणाला, आवाज एकदम ‘क्लिअर’ झालाय, फक्त ट्वीटर दोनदा जळले. झाकण काढलं तर आउटपुटजवळचा दहा ओहमचा रेझिस्टन्स कोळशासारखा काळा, त्याखालची प्लेट तपकिरी, आणि ऑपअ‍ॅम्पच्या सॉकेटमध्ये चकचकीत नवी महागडी चिप. स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला तर पडदाभर जाड पट्टा. चिप काढून मूळ नंबरची बसवली, रेझिस्टन्स बदलला, पट्ट्याची रेघ झाली. मालकाला चिपचे पैसे वाया गेल्याचं दुःख ट्वीटरपेक्षा जास्त होतं.

तुमच्याकडे स्कोप नसेल. घरात जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल, ज्यावर कधी काळी परभणी केंद्र ऐकायचात, तर तो सेलवर चालू करून अ‍ॅम्पपासून वीतभर अंतरावर धरा आणि काटा हळूहळू फिरवा. अ‍ॅम्प चालू-बंद केल्याबरोबर एखाद्या जागी शिट्टी किंवा जोराची खरखर येत-जात असेल तर संशय पक्का धरा. काहीच आलं नाही म्हणून मात्र अ‍ॅम्प निर्दोष सुटला असं समजू नका, ही गरिबाची तपासणी आहे. ऑसिलेशन नसेल तर दुसरे उमेदवार म्हणजे गळका ट्रान्झिस्टर किंवा ट्रान्झिस्टरखालची अभ्रकाची चकती नीट न बसणं. ते उघडल्याशिवाय कळत नाही.

पण याच्याही आधी स्पीकर काढून ठेवा, आज संध्याकाळीच. मूळ ४०५मध्ये स्पीकर वाचवणारा रिले नाही. अ‍ॅम्पच्या आत अधिक-उणे ५० व्होल्ट डीसी आहे. डाव्या चॅनलचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर तो ५० व्होल्ट सरळ तुमच्या स्पीकरवर येईल. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर सहाच्या आसपास दाखवते. हिशेब करा, चारशे वॉटच्या वर जातं, आणि तेही डीसी. कॉइल काही सेकंदांत धुराने निरोप देते. जे चॅनल आधीच विनाकारण तापतंय त्याच्यावर चांगले स्पीकर लावून ठेवणं मला पटत नाही.

स्पीकर काढल्यावर मल्टिमीटर डीसीला लावा, आधी मोठ्या रेंजवर, मग २०० मिलिव्होल्टवर, आणि दोन्ही चॅनलच्या स्पीकर सॉकेटवर मोजा. इनपुटला काही जोडू नका. माझ्या बाकावर धडधाकट ४०५ दहा-पंधरा मिलिव्होल्टच्या आत राहिलेत. वीस-तीस दिसले तरी मी झोप घालवणार नाही. शंभरच्या वर असेल तर अ‍ॅम्प बंद करा आणि पुढचं काही करू नका.

यापुढे झाकण उघडायचं तर सिरीज बल्ब हवा. अ‍ॅम्पच्या फेजमध्ये साधा शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. एलईडी चालत नाही, तार असलेलाच हवा. हल्ली दुकानात तो मागितला की दुकानदार संशयाने बघतो, म्हणून मी चार घेऊन ठेवलेत. चालू करताच बल्ब क्षणभर लखलखतो, कंडेन्सर भरले की मंद होतो. तसाच तेजाळत राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये तो पूर्ण विझल्यासारखा न होता नारिंगी राहील असा माझा अंदाज आहे, पण अंदाजच. आणि बंद केल्यावर लगेच आत बोट घालू नका. ५० व्होल्टला भरलेले १०,०००चे दोन कंडेन्सर आत आहेत. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करणारे मी पाहिलेत, स्क्रूड्रायव्हरही जातो आणि कंडेन्सरही दुखावतो. शंभर ओहम, दहा वॉटचा रेझिस्टन्स टोकांना धरा, मीटरवर शून्य येऊ द्या. या दोन्ही गोष्टी पूर्वी केल्या नसतील तर हा परिच्छेद स्थानिक कारागिराला वाचून दाखवा आणि स्वतः लांब बसा.

आता ‘घूं’. हे डाव्या चॅनलच्या तापण्याशी जोडलेलं असेलच असं नाही. मला ते वेगळं दुखणं वाटतं, कारण रात्री वाढतं. आधी हे ठरवा की आवाज स्पीकरमधून येतो की अ‍ॅम्पच्या पेटीतून. पेटीला कान लावून ऐका. पेटी स्वतः गुणगुणत असेल तर ट्रान्सफॉर्मरचं काम आहे. आपल्याकडे ज्या डीपीवर शेतीपंप आहेत तिथे पंप चालू असताना व्होल्टेज १८०-१९०पर्यंत येतं आणि पंप बंद झाले की २५०-२६०ला जातं. तुमच्या डीपीवर पंप कधी चालतात ते तुम्हालाच माहीत, पण रात्री दहाला आणि दुपारी दोनला सॉकेटवर व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. व्होल्टेज चढलं की ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरत येतो आणि तो भुणभुणायला लागतो.

सोबत अ‍ॅम्पचं मेन व्होल्टेज २२०वर लावलंय की २४०वर तेही बघा. हे मी मुद्दाम विचारतोय. २४०ला बरोबर बसवलेला अ‍ॅम्प २४० व्होल्टवर आत ५० व्होल्ट देतो. तोच २२०वर ठेवला आणि रात्री लाइन २६५ झाली तर आत ६० व्होल्ट जातात. कंडेन्सर आहेत ६३ व्होल्टचे. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ डिग्री असताना हा खेळ रोज रात्री चाललाय असं धरा. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरचं तापमान दहा डिग्रीने वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे कंपनी कोणती हा प्रश्न फार नंतरचा. रात्री २५५च्या वर जात असेल तर आधी २४०ची निवड, मग सर्वो स्टॅबिलायझर. रिलेवाला स्वस्त स्टॅबिलायझर नको, त्याच्या प्रत्येक ‘टक’ला स्पीकरमधून ‘टप’ येऊ शकतं.

आवाज स्पीकरमधूनच येत असेल तर इनपुटची केबल अ‍ॅम्पच्या टोकाला काढा. त्यासाठी स्पीकर लावावे लागतील, तेव्हा डीसी ठीक आल्यावरच, आणि एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर घेऊन. केबल काढल्यावर घूं गेला तर अ‍ॅम्प बराचसा निर्दोष. मग केबल परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. दहापैकी सात वेळा इथेच घूं बंद पडतो. चार्जरमधून गळणारा करंट आणि दोन ठिकाणचं अर्थिंग यांचं ते भांडण असतं. केबल काढूनही घूं तसाच राहिला, आणि तो कारागिराच्या भाषेत शंभर हर्ट्झचा, म्हणजे लाइटच्या पन्नास हर्ट्झपेक्षा बरोबर एक सप्तक वरचा असेल, तेव्हा सप्लायच्या कंडेन्सरवर संशय घ्यायचा. तेव्हाही १०,००० आणि ६३ व्होल्टच टाकायचे, १०५ डिग्रीवाले. २२,००० टाकले तर चालू करतानाचा दणका ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग, मघाचा ब्रिज नव्हे) आणि फ्यूजला बसतो, आणि ट्रान्सफॉर्मरमधून करंट आणखी टोकदार धक्क्यांनी ओढला जातो. जो ट्रान्सफॉर्मर आधीच गुणगुणतोय त्याला हे औषध नव्हे. मघाशी म्हटलेली चौथी तक्रार ती हीच.

एक विनंती, घूं घालवायला प्लगची अर्थची पिन तोडू नका. आमच्याकडे येणाऱ्या चारपैकी एका अ‍ॅम्पची पिन कुणीतरी पक्कडने उडवलेली असते. अ‍ॅम्पची पेटी धातूची आहे. ट्रान्सफॉर्मरने दगा दिला तर ती पेटी आणि तुमच्या घरातली माणसं यांच्यात तेवढीच एक वायर आहे. उलट अर्थिंगच तपासा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपपासून सुटते, आणि कागदावर उत्तम असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरतं उरतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा. दोन-तीन व्होल्ट ठीक. वीस-तीस दिसले तर वायरमनला बोलवा. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा, आकडा खाली आला तर रोग कळला.

राहिला कर्कश आवाज. ही तिन्हींतली सगळ्यात सोपी तक्रार. ४०५ला पूर्ण शंभर वॉटसाठी इनपुटला फक्त अर्धा व्होल्ट लागतो. त्या काळचे प्रीअ‍ॅम्प तेवढंच द्यायचे. तुमचा डॅक पूर्ण आवाजावर दोन व्होल्ट देत असणार, म्हणजे चौपट. त्यामुळे व्हॉल्यूमची पहिली चतुर्थांश फेरी संपते तिथेच अ‍ॅम्पचा दम संपतो, आणि पुढे तुम्ही ऐकता ती कापलेली लाट. दोष अ‍ॅम्पचा नाही, डॅकचाही नाही. प्रत्येक चॅनलला दहा किलोओहम सिरीजमध्ये आणि ३.३ किलोओहम इनपुट ते ग्राउंड, असे दोन-दोन रेझिस्टन्स केबलच्या अ‍ॅम्पकडच्या टोकाला घाला. अ‍ॅम्पचा स्वतःचा २० किलोओहमचा इनपुट धरून दोन व्होल्टचे साधारण ०.४४ होतात. पाव वॉटचे एक टक्कावाले मेटल फिल्म घ्या. चहाच्या पैशात होतं. डॅकची बारीक सूं असेल तर तीही सोबत खाली जाते.

आता तुम्ही मला पाठवायचं ते एवढं: दोन्ही चॅनलचा डीसी मिलिव्होल्टमध्ये, दुपारचं आणि रात्रीचं लाइनचं व्होल्टेज, मेन व्होल्टेज कशावर लावलंय ते, आणि झाकण उघडता आलं तर दोन्ही प्लेटचा एकेक फोटो. ऑपअ‍ॅम्पवरचा नंबर वाचता येईल असा काढा. सोल्डरिंगच्या बाजूनेही घ्या. दोन्ही चॅनलचे ऑपअ‍ॅम्प वेगवेगळे निघाले तरी मला नवल वाटणार नाही. मग तुमच्या हाताने होण्यासारखं आहे की नाही ते सांगतो. चिप मूळ नंबरची घालून काम भागलं तर परभणीला यायची गरजच नाही.

यावंच लागलं तर पार्सलने पाठवू नका. नऊ किलोचा ऐवज आहे, त्यातलं मुख्य वजन ट्रान्सफॉर्मरचं, आणि तो एका बाजूला आपटला की पेटी वाकते. एसटीत डिकीत न टाकता जुन्या गोधडीत गुंडाळून पायाशी ठेवा. आणि उघडा भाग झाकलेला राहील असं बघा, मागच्या वेळी एकाने आणलेल्या अ‍ॅम्पमधून अर्धा किलो शेंगदाण्याची टरफलं निघाली होती.